खोक्यावरचा आकडा आणि फाटकावरचा चेहरा

31 डिसेंबर 2024 च्या पहाटे म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत, इन्फोसिसच्या आवारात बिबट्या शिरल्याचे सीसीटीव्हीत दिसले. कर्मचाऱ्यांना घरूनच काम करायला सांगण्यात आले आणि वन विभागाने शोधमोहीम सुरू केली. रात्री जनावर टिपले म्हणजे कॅमेरे जाहिरातीप्रमाणे काम करतात, असे यावरून कोणी म्हणेल. ते मला मान्य नाही. त्या चित्राकडून अपेक्षा एवढीच होती की काही आत आले का आणि ते काय आहे, हे कळावे. आपल्या घराच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याकडून आपण याहून पुष्कळ जास्त मागतो. माणूस आला एवढे पुरत नाही. तो कोण, हे हवे असते.

या दोन मागण्यांत किती अंतर आहे, हे म्हैसूरजवळच्याच एका अभ्यासातून दिसते. नागरहोळेच्या जंगलात उल्लास कारंथ यांनी कॅमेऱ्यांनी टिपलेल्या वाघांच्या पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखला आणि त्यावरून वाघांच्या संख्येचा अंदाज बांधला. हा अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून अशा गणनेत वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात. वाघ जवळून जाईल अशी जागा निवडतात आणि पट्टे स्पष्ट उमटतील असा उजेड पाडतात. आधी प्रश्न ठरतो, मग जागा, मग उजेड, आणि यंत्र शेवटी. घरासाठी खरेदी करताना आपण नेमके उलटे करतो.

‘जितके मेगापिक्सेल जास्त, तितका चेहरा स्पष्ट’ हा दुकानातला पहिला दावा. तो अर्धाच खरा आहे. सुरक्षा कॅमेऱ्यांसाठीच्या आयईसी 62676-4 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या 2014 च्या आवृत्तीत माणूस आहे एवढे कळायला एका मीटर रुंदीत 25 पिक्सेल, परिचित माणूस ओळखायला 125 आणि अनोळखी माणसाची खात्रीशीर ओळख पटायला 250 पिक्सेल धरले होते. घरांवर सर्रास लावतात त्या 2 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे 1920 पिक्सेल असतात. म्हणजे 250 च्या हिशेबाने फक्त 7.7 मीटर रुंदीचे दृश्य. रुंद लेन्सचा कोन साधारण 100 अंशांचा असेल, तर एवढे दृश्य भरते अवघ्या सव्वातीन मीटरवर. त्याच लेन्सवर फोर-के कॅमेरा घेतला, तरी हे अंतर साडेसहा मीटरच्या आतच राहते. उलट 2 मेगापिक्सेलचाच कॅमेरा, पण 50 अंशांच्या अरुंद लेन्सचा घेतला, तर ते आठ मीटरपर्यंत जाते. आकड्यात चौपट असलेला कॅमेरा इथे योग्य लेन्सच्या साध्या कॅमेऱ्यापुढे हरतो. तरीही खोक्यावर मेगापिक्सेल ठळक छापतात आणि लेन्सचा कोन बारीक अक्षरांत.

दुसरा दावा ‘नाइट व्हिजन 30 मीटर’. इन्फ्रारेड दिव्यांचा प्रकाश 30 मीटरवर पोचत असेलही, पण अंतर दुप्पट झाले की त्याची तीव्रता चौथाईवर येते. शिवाय अंधारात चित्र उजळ दिसावे म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडे ठेवतो. ते सेकंदाचा तिसरा हिस्सा उघडे राहिले, तर चालता माणूस तेवढ्यात जवळपास अर्धा मीटर सरकतो आणि चेहऱ्याचा नुसता पांढरा पट्टा उमटतो. इतक्या कमी उजेडातही चित्र मिळते, असे सांगणारा ‘0.001 लक्स’ हा आकडा कोणत्या शटरवर मोजला, हे लिहिले नसेल तर त्या आकड्याला काही किंमत नाही.

तिसरा दावा अधिक गंभीर आहे. काही जाणकार म्हणतात, छापलेले सगळे खोटेच असते, तेव्हा नामांकित कंपनी आणि सरकारी मान्यता पाहावी, बाकी सोडून द्यावे. हेही मी नाकारतो. केंद्र सरकारने 2024 मध्ये सीसीटीव्हीसाठी ज्या सक्तीच्या चाचण्या आणल्या, त्या मुख्यतः सायबर सुरक्षेच्या आहेत. कॅमेऱ्यात बाहेरून कोणी शिरू नये म्हणून त्या हव्यातच. पण तुमच्या फाटकावर रात्री चेहरा दिसेल, याची हमी त्या देत नाहीत. आणि आकडे बहुधा खोटे नसतात, अपुरे असतात. अट लपवलेली असते. म्हणूनच ग्राहकाने आकडे सोडून न देता त्यांच्या अटी मागायच्या असतात.

साठवणुकीचेही तसेच. 4 एमबीपीएस वेगाने सतत रेकॉर्डिंग केले, तर एक कॅमेरा दिवसाला सुमारे 43 जीबी जागा खातो. चार कॅमेरे आणि एक टीबीची हार्ड डिस्क म्हणजे सहा दिवससुद्धा नाहीत. ‘महिनाभराचे रेकॉर्डिंग’ सांगणाऱ्याने वेग किती कमी केला, किंवा हालचाल झाल्यावरच टिपायचे ठरवले आहे का, हे विचारलेच पाहिजे.

मग पारख कशी करावी? दिवसा मोबाइलवर लाइव्ह चित्र पाहून मुळीच नाही. सोसायटीत कॅमेरे बसवणारा नेमके तेच दाखवतो आणि सही घेऊन जातो. रात्री अकरानंतर, रस्त्यावरचे दिवे नेहमी असतात तसेच ठेवून, समितीला अनोळखी असलेल्या माणसाला फाटकातून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा. मग डीव्हीआरमधून ते रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर काढा, कारण पोलिसांकडे शेवटी तेच जाते. संगणकाच्या पडद्यावर ते थांबवा आणि त्या माणसाला कधीही न पाहिलेल्या कोणाला तरी चार छायाचित्रांतून तो निवडायला सांगा. अधूनमधून हीच चाचणी पुन्हा घ्या, कारण भिंगासमोर कोळ्याचे जाळे असले की तेच इन्फ्रारेडमध्ये झगझगते आणि मागचा माणूस बुडून जातो.

कॅमेरा बसवून घेणाऱ्या प्रत्येक सोसायटीने ही चाचणी करारातच लिहून घ्यावी: कोणत्या जागी, किती मीटरवर, रात्री किती वाजता चेहरा ओळखू आला पाहिजे. तो ओळखू येईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.