केवढ्याला देणार?

कवड्यांची माळ ठेवायला मी सुती दोऱ्याचा बटवा क्रोशाने विणते. सुरुवात सहा मुक्या खांबांची, पुढच्या फेरीत बारा, मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवत गेलं की तळ सपाट राहतो आणि वाढवणं थांबवलं की भिंत आपोआप वर चढते. एवढ्याशा हिशेबातून पिशवी उभी राहते, याचं मला अजून नवल वाटतं.

तुळजापूरच्या उन्हात लोकर फार दिवस लागत नाही. बाळंतविड्यातलं टोपडं आणि मोजे सोडले तर सुयांवरचं विणकाम माझ्याकडून कमीच होतं. क्रोशाचं मात्र रोज काही ना काही चालू असतं. तांब्याखालची चकती, ताटावरचा रुमाल, परडीखाली घालायचा गोल. नव्याने शिकणाऱ्या मुलींना मी हेच सांगते, पलंगपोसाच्या वाटेला एवढ्यात जाऊ नका. लहान वस्तू पुरी होते, चुकली तर उसवायला जीव तुटत नाही आणि पुरी झाली की कुणाला तरी देता येते. पूर्वी रुखवतासाठी घरोघर हेच चाले.

नवरात्रात आमच्याकडे देवीचे भक्त उतरतात. दुपारी जेवणं आटोपून मी विणत बसले की कुणीतरी बाई बटवा हातात घेते आणि विचारते, "ताई, केवढ्याला देणार?" त्यात कौतुकच असतं. पुढे घरचेही म्हणतात, रिकाम्या वेळात चार पैसे मिळतील. या "रिकाम्या वेळा"ला माझा ठाम विरोध आहे, कारण क्रोशात विकला जातो तो मुळात विणणारीचा वेळच.

सुयांवरच्या विणकामाचं यंत्र विल्यम ली याने इंग्लंडमध्ये 1589 सालीच केलं. क्रोशाची हुबेहूब नक्कल करणारं यंत्र मात्र आजही कारखान्यात चालत नाही. यंत्रावरची जाळी दिसायला तशी असते, टाका तो नसतो. म्हणजे बाजारात खरा क्रोशाचा टॉप किंवा पर्स स्वस्तात दिसली, तर तिचा एकेक टाका कुणाच्या तरी बोटांनी घातलेला आहे आणि त्या बोटांना फार थोडे पैसे मिळाले आहेत. आंध्रातल्या नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली. मारिया मीस यांनी तिथल्या बायकांवर लिहिलेलं पुस्तक 1982 साली आलं. त्यात दिसतं ते असं की लेस परदेशी जात होती, व्यापारी मोठे होत होते आणि दिवसाचे कित्येक तास विणणारी बाई मात्र घरबसल्या वेळ घालवणारी गृहिणी ठरत होती. कामगार नव्हे, म्हणून मजुरीही नावापुरती. त्या लेसला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. पण मानांकन लेसला मिळतं, विणणारीच्या तासांना दर लागतो का, हे वेगळं बघावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. छंद असेल तर तो पूर्ण छंद असू द्या. बाईने काहीही न कमावता दुपारचा तासभर स्वतःच्या आवडीला दिला, तर त्याचा जाब तिला विचारू नये. आणि धंदा करायचा असेल तर तोही पुरता करा. देवळाच्या महाद्वाराच्या रस्त्यावर बाहेरून आलेल्या प्लास्टिकच्या माळा विकल्या जातात, तिथे इथल्या बायकांच्या हातचा बटवा मांडलेला मलाही आवडेल.

पण बचत गटांनी क्रोशा शिकवायला घेतला, तर पहिल्या दिवसापासून प्रत्येकीला वही द्यावी. कुठल्या वस्तूला किती तास गेले, दोरा किती लागला, हे तिने लिहावं. व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावातून दोऱ्याचा खर्च वजा करून उरलेले पैसे त्या तासांना वाटावेत. दिवसाच्या हिशेबाने ते सोयाबीनच्या खुरपणीच्या रोजापेक्षा कमी पडत असतील, तर ती ऑर्डर गटाने घेऊ नये.