बावीस अक्षरांची चिठ्ठी

डोळ्यातील पेशी आणि यकृतातील पेशी यांचा वारसा एकच असतो. आईवडिलांकडून मिळालेली डी.एन.ए.ची तीच वही शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. मग डोळ्यात पित्त का तयार होत नाही आणि यकृताला दिसत का नाही? कारण प्रत्येक पेशी त्या वहीतली आपल्या कामाची तेवढीच पाने वाचते. कोणते पान केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे, याला शास्त्रज्ञ जनुकांचे नियमन म्हणतात. त्याची एक अनपेक्षित तऱ्हा व्हिक्टर अँब्रोस या अमेरिकन रेण्वीय जीवशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत सापडली, आणि तीही जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीत.

अँब्रोस यांचा जन्म १९५३ सालचा. वडील युद्धामुळे पोलंडमधून परागंदा होऊन अमेरिकेत आलेले. व्हर्मांट राज्यातल्या छोट्याशा शेतावर दुभती जनावरे आणि घरात आठ भावंडे. अशा घरातला हा मुलगा मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकला आणि तिथेच रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांच्या प्रयोगशाळेत सी. एलेगन्स नावाच्या सूत्रकृमीच्या नादी लागला. हा कृमी पारदर्शक असतो. जननपेशी सोडल्या तर प्रौढ कृमीच्या शरीरात मोजून ९५९ पेशी. कोणती पेशी कोणत्या पेशीपासून झाली, याची पुरती वंशावळच शास्त्रज्ञांनी मांडून ठेवली होती.

अशा कृमींमध्ये एक विचित्र जात होती. तिच्यातले लिन-४ नावाचे जनुक बिघडलेले होते. हे कृमी आकाराने वाढत, पण त्यांच्या पेशी बाळपणीचीच कामे पुन्हा पुन्हा करीत राहत. अंडी बाहेर टाकण्याची वाटच तयार न झाल्याने ती पोटातच साचत. याउलट लिन-१४ हे दुसरे जनुक निकामी झाले, तर कृमी बाळपणाच्या पायऱ्या गाळून पुढची कामे आधीच करू लागे. म्हणजे लिन-४ हे लिन-१४ला वेळेवर गप्प बसवत असले पाहिजे. पण कसे?

त्या काळची समजूत अशी, की जनुक म्हणजे प्रथिनाची कृती. वहीतल्या कृतीची एक नक्कल उतरवली जाते, तिला संदेशवाहक आर.एन.ए. म्हणतात, आणि त्या नकलेवरून प्रथिन तयार होते. अँब्रोस तेव्हा हार्वर्ड विद्यापीठात होते. त्यांच्या सहकारी आणि पत्नी रोझालिंड ली, तसेच र्‍होंडा फाइनबॉम यांनी लिन-४चा चिकाटीने माग काढला. जनुकाचा तुकडा लहान लहान होत गेला, तरी प्रथिन काही सापडेना. शेवटी हाती लागला तो अवघ्या २२ अक्षरांचा आर.एन.ए. त्यातून कोणतेही प्रथिन बनत नव्हते. दुसऱ्या कुणी नमुना खराब झाला म्हणून तो टाकूनही दिला असता.

लिन-१४चा अभ्यास बोस्टनमध्ये गॅरी रव्हकन करीत होते. दोघे हॉर्व्हिट्झ यांच्याकडचे जुने सोबती. जून १९९२ मध्ये त्यांनी आपापल्या जनुकांची अक्षरे एकमेकांना कळवली आणि दोघांनाही एकच गोष्ट दिसली. लिन-४ची अक्षरे लिन-१४च्या नकलेच्या शेपटाकडच्या भागाशी अनेक ठिकाणी जुळत होती, बटन काजात बसावे तशी. स्वयंपाकघरात गेलेल्या कृतीच्या कागदावर कुणी ‘आता हे करू नका’ अशी चिठ्ठी डकवावी, तसा हा प्रकार. वही शाबूत, नक्कलही उतरलेली, पण पदार्थ मात्र होत नाही.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दोघांचे लेख एकाच अंकात आले. तोवर हार्वर्डने अँब्रोस यांना कायमची नेमणूक नाकारली होती आणि ते डार्टमथला गेले होते. लेखांचे स्वागतही थंडच झाले. कृमीतली एक गंमत, माणसाशी तिचा काय संबंध, असाच बहुतेकांचा सूर. सात वर्षे अशीच गेली. पुढे २००० साली रव्हकन यांच्या गटाला लेट-७ ही दुसरी चिठ्ठी मिळाली, आणि ती माशीत होती, माशांत होती, माणसातही होती. मग मात्र झुंबड उडाली. माणसात आता अशा हजाराहून अधिक चिठ्ठ्यांची नोंद आहे. त्यांना सूक्ष्म आर.एन.ए. म्हणतात.

मधल्या काळात, १९९८ साली, अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी त्याच कृमीवर दाखवून दिले की बाहेरून दुपेडी आर.एन.ए. घातला तर हवे ते जनुक गप्प करता येते. या आर.एन.ए. हस्तक्षेपाला २००६चे नोबेल मिळाले. दोन्ही वाटा पेशीत जवळपास त्याच यंत्रणेतून जातात, हे नंतर उलगडले. या चिठ्ठ्या हरवल्या किंवा चुकल्या तर काय होते, तेही दिसू लागले. रक्ताच्या एका कर्करोगात दोन सूक्ष्म आर.एन.ए. वारंवार नाहीसे झालेले असतात, हे २००२ मध्ये कळले. एका सूक्ष्म आर.एन.ए.मधल्या बिघाडाने घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या बहिरेपण येते, हे २००९ मध्ये स्पेनमधल्या कुटुंबांत आढळले. हस्तक्षेपाच्या तत्त्वावरचे पहिले औषध २०१८ साली अमेरिकेत मंजूर झाले. नसा निकामी करणाऱ्या एका दुर्मिळ आनुवंशिक रोगावर ते दिले जाते. सूक्ष्म आर.एन.ए.वर बेतलेल्या औषधांची वाट मात्र बरीच खडतर ठरली आहे, कारण एकच चिठ्ठी अनेक कृतींवर डकते आणि एक थांबवायला जावे तर दहा थांबतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अँब्रोस आणि रव्हकन यांना नोबेल जाहीर झाले. १९९३च्या लेखावर पहिले नाव रोझालिंड ली यांचे होते, आणि पारितोषिक तिघांना वाटता येते. मग तिसरी जागा रिकामी का, असे अनेकांनी विचारले, आणि तो प्रश्न अगदीच गैरवाजवी म्हणता येत नाही. नोबेल जाहीर झाले तेव्हाही हे दांपत्य मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वूस्टर येथील वैद्यकीय महाविद्यालयात एकाच प्रयोगशाळेत काम करीत होते, त्याच कृमीवर.