कानाआडचं संगीत

गेल्या महिन्यात धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेले होते. पहिल्याच रात्री अकरा वाजले तरी भाच्याच्या खोलीतून मंद सूर येत होते. मी म्हटलं, "मुलाला संगीताची आवड दिसते!"

"कसली आवड, ताई!" बहीण वैतागली. "कॉम्प्युटरवर राज्य करतोय. परीक्षा पंधरा दिवसांवर आलीय."

मी खोलीत डोकावले. २०१६ साली आलेला 'सिव्हिलायझेशन ६' हा खेळ चालू होता. गावं वसवायची, शेती करायची, शेजाऱ्यांशी तह करायचे, जमलं नाही तर लढायचं. एकेक डाव कित्येक तास चालतो.

"मावशी, तू नुसतं ऐक," भाचा म्हणाला. "मी चीन घेतलाय."

खेळातलं प्राचीन युग असेपर्यंत धून मोजक्याच वाद्यांवर वाजते. मध्ययुग आलं की वाद्यं वाढतात आणि कारखान्यांच्या युगात भरगच्च वाद्यवृंद येतो. मूळ चाल मात्र तीच, मोगऱ्याच्या फुलावरच्या 'मो ली ह्वा' या जुन्या चिनी लोकगीताची. इंग्लंड घेतलं तर 'स्कारबरो फेअर' या लोकगीताची चाल अशीच वाढत जाते. याच मालिकेतल्या २००५ सालच्या खेळासाठी ख्रिस्टोफर टिन यांनी केलेल्या 'बाबा येतू' या स्वाहिली गीताला २०११ साली ग्रॅमी मिळालं. व्हिडिओ गेमच्या संगीताला मिळालेलं ते पहिलंच ग्रॅमी.

हे काम वाटतं तेवढं सोपं नाही. प्रसंग किती मिनिटांचा आहे, हे सिनेमाच्या संगीतकाराला ठाऊक असतं. इथे खेळणारा एकाच चालीवर एक मिनिट विचार करील, नाहीतर वीस मिनिटं. म्हणून अशा संगीतात सहसा शब्द नसतात, एकदम चढणारे सूर नसतात, आणि तेच तेच पुन्हा वाजलं तरी कानाला टोचू नये हे पाहावं लागतं. गवयामागच्या तंबोऱ्यासारखं ते असतं. आपण मुद्दाम ऐकत नाही, पण थांबलं की चुकल्याचुकल्यासारखं होतं. ब्रायन ईनो यांनी १९७८ साली विमानतळासाठी असंच संगीत रचलं. पुढे २००८ सालच्या 'स्पोअर' या खेळासाठी त्यांनी केलेल्या संगीतात तर खेळ चालू असताना संगणकच सुरांची नवी जुळणी करत राहतो.

पण खरी मेख इथेच आहे. जे सूर थकवा जाणवू देत नाहीत, तेच घड्याळाकडेही पाहू देत नाहीत. "किती वाजले असतील?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "साडेनऊ." घड्याळात साडेअकरा होत आले होते! त्याचाच चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीला त्याच्या शेजारी बसवलं. "आधी ऐक, मग रागव," म्हटलं. ती दहा मिनिटं ऐकत बसली. मग न रागावता बोलणं झालं. परीक्षेपर्यंत रोज एकच तास, टेबलावर गजराचं घड्याळ आणि गजर झाला की डाव तिथेच साठवून ठेवायचा. त्या दिवशी गजरानंतरही वीस मिनिटं गेली. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी त्याने आपणहून कॉम्प्युटर बंद केला.

तुमच्याही घरात बंद दारामागून असे सूर येत असतील, तर दार वाजवण्याआधी क्षणभर ऐका. मुलांशी बोलायला तिथूनच सुरुवात करता येते. गजर मात्र आठवणीने लावा!