सतरंजीचा अभिमान आणि पाठीवरचा भार

बाळापुरास आपल्या सतरंजीचा अभिमान असावा यात वावगे काही नाही. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील ह्या जुन्या कसब्याचे नाव किल्ल्याइतकेच तेथील मागांवरून उतरणाऱ्या सतरंज्यांनी आणि पागोट्यांनी दूरवर नेले. परंतु वऱ्हाडातील तरुण मंडळी ऐन डिसेंबरात पाठपिशव्या अडकवून केदारकंठ्यासारख्या हिमशिखरांकडे निघू लागली, तेव्हापासून त्या अभिमानाने एक विपरीत वळण घेतले आहे. आमचे वाडवडील सतरंजीवर निजले, घोंगडी पांघरून त्यांनी थंडी काढली, तीन दगड मांडून वरण शिजवले. तेव्हा निजण्याच्या पिसांच्या पिशव्या, फुगवण्याच्या गाद्या आणि मुठीत मावणाऱ्या शेगड्या हे निव्वळ श्रीमंती थेर होत, असा हा पूर्वपक्ष आहे. तो मोठ्या आवेशाने मांडला जातो, आणि ऐकणाऱ्यास खराही वाटतो.

वाडवडील निजले हे खरे. पण अंथरूण वाहिले कोणी, हा प्रश्न मात्र या पक्षाचे वकील कधी विचारीत नाहीत. संगमाजवळ मिर्झाराजे जयसिंहाची म्हणून ओळखली जाणारी छत्री आजही उभी आहे. ज्या मोगल लष्करी परंपरेचे ते स्मारक, तिच्यात तंबू, गालिचे आणि बिछायती यांसाठी फर्राशखाना हे स्वतंत्र खातेच असे. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच ठेवीत, एका मुक्कामावर एक उभा असताना दुसरा पेशखाना म्हणून पुढे रवाना होई, आणि हा सारा लवाजमा हत्ती, उंट, बैल व वेठीस धरलेले बिगारी यांच्या पाठीवरून चाले. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड सर करणाऱ्या इंग्रजी फौजेचा दाणागोटाही शिपायांच्या खांद्यावर नव्हता. तो वंजाऱ्यांच्या बैलांवर होता. मुलूखगिरीचे राहू द्या, यात्रेस निघालेला साधा वऱ्हाडी कुणबीसुद्धा सतरंजी बंडीत टाकी, डोक्यावर घेत नसे. म्हणजे ज्यास आपण पूर्वजांचा साधेपणा म्हणतो, तो पुष्कळदा जनावराच्या किंवा बिगाऱ्याच्या श्रमाचा हिशेब वगळून मांडलेला जमाखर्च असतो. आपले बिऱ्हाड आपणच वाहीन असे म्हणणारा प्रवासी त्या परंपरेत अपवादानेच आढळेल, आणि हलक्या सामानाची गरज नेमकी त्यालाच आहे.

आता गुणदोषांची तपासणी. दीड-दोन किलोची सुती सतरंजी माळवदावर उत्तम. बर्फावर ती घातक, कारण कापूस ओल शोषतो, आणि ओला कापूस अंगाची ऊब राखण्याऐवजी ती बाहेर वाहून नेतो. घोंगडीची गोष्ट वेगळी. लोकर दमट झाली तरी काही ऊब राखते आणि जाडेभरडेपणातही तिचे शहाणपण आहे, हे मान्य करण्यात मला संकोच नाही. अडचण तिच्या वजनाची आहे. पण मुख्य मुद्दा पांघरुणाचा नाहीच, तो अंथरुणाचा आहे. कोणतेही पांघरूण ऊब देते ते आपल्यात कोंडलेल्या हवेच्या जोरावर, आणि ती हवा अंगाखाली दबली की पिसेही निकामी आणि लोकरही. म्हणून पाठीखाली न दबणारा थर हवा. बंद पेशींच्या फोमची चटई सुमारे चारशे ग्रॅमांत मिळते. उष्णतारोधाचा जो ‘आर’ अंक चटयांवर छापतात, तो एकीवर दुसरी अंथरली की बेरजेने वाढतो, आणि बर्फावर निजायचे तर ती बेरीज चार-पाचांच्या घरात असावी. पैसा मोजकाच असेल तर तो प्रथम येथे खर्च करावा. पिशवी पायथ्याच्या गावी भाड्याने मिळू शकते.

पूर्वपक्षाचे खंडन केले म्हणून सूचिपत्राच्या भक्तांनी हर्षित होऊ नये. पिशवीवर ठळक छापलेला उणे अंशांचा आकडा पुष्कळदा सुखनिद्रेचा नसून, जीव कसाबसा तगावा अशा टोकाच्या मर्यादेचा असतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणकात सुखमर्यादा, निम्नमर्यादा आणि टोकाची मर्यादा असे तीन आकडे वेगवेगळे असतात, आणि इतबार ठेवायचा तो पहिल्यावर. हंसाच्या किंवा बदकाच्या पिसांची पिशवी वजनाच्या मानाने सर्वांत उबदार खरी, परंतु भिजली की ती गोळा होते. ओलीचे भय असेल तेथे कृत्रिम तंतूंची, थोडी जड का होईना, पत्करावी. आणि चिखलदऱ्याच्या थंडीसाठी हिमालयाची पिशवी विकत घेणे ही उधळपट्टी होय.

स्वयंपाकाच्या बाबतीत तर वऱ्हाडी माणसाची खरी परीक्षा आहे, कारण त्यास तुरीचे वरण हवे असते. अडतीसशे मीटरांवर पाणी सुमारे सत्त्याऐंशी अंशांवरच उकळते. तेथे तूरडाळ शिजता शिजत नाही आणि इंधन मात्र संपते. कुकर न्यावा तर त्याचेच वजन किलोच्या पुढे. त्यात पाणीही बर्फ वितळवूनच मिळवायचे, आणि नुसते बर्फाचे पाणी करण्यास जी उष्णता लागते तिच्यात तेवढेच पाणी शून्यापासून ऐंशी अंशांपर्यंत तापले असते. तेव्हा घरूनच भाजून, परतून नेलेला रवा, सातूचे पीठ, शेंगदाणे, तूप आणि जवसाची चटणी यांवर भागवावे, आणि झाकणाचे एकच पातळ ॲल्युमिनियमचे भांडे दोघांत ठेवावे. टायटॅनियमचे भांडे वजनात आणखी थोडे वाचवते, पण त्यात ऊब एका जागी साचून शिरा करपतो. एवढ्या किमतीला करपलेला शिरा खाणे मला तरी परवडत नाही.

तीन दगडांची चूल उंचावरील मंद वाढणाऱ्या झाडांच्या जिवावर पेटते, ओल्या लाकडांनी धुमसते, आणि राखीव जंगलात तर ती कायद्याच्याही विरुद्ध आहे. गॅसची शेगडी सुटसुटीत, पण ब्युटेन शून्याच्या आसपास वायुरूप होण्याचेच थांबवतो. म्हणून आयसोब्युटेन व प्रोपेन यांच्या मिश्रणाची डबी मागून घ्यावी. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये जन्मलेला प्रायमस जातीचा रॉकेलचा स्टोव्ह जड खरा, पण कडाक्याच्या थंडीतही तो दगा देत नाही. रेल्वेच्या डब्यात असे ज्वालाग्राही पदार्थ नेणे गुन्हा असल्यामुळे इंधन पायथ्याच्या मोठ्या गावातच खरेदी करावे. तंबू बंद करून आत शेगडी पेटवणे मात्र कोणत्याही इंधनाने करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्यास तो उठू देत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढी काटकसर कशाला, खेचर करावे. अवश्य करावे. खेचरवाल्याची मजुरी रोख मोजून देणार असाल तर तूरडाळीचा कट्टा आणि पाच लिटरचा कुकरही न्यावा, त्यास माझी हरकत नाही. फक्त परतल्यावर, आम्ही वाडवडिलांसारखे साधेपणाने गेलो, असे सांगताना त्या खेचराचा उल्लेख गाळू नये.