'उज्जैन केले' म्हणजे काय केले?

उज्जैनच्या रेल्वे स्थानकाबाहेर पाऊल ठेवताच यात्रेकरूच्या कानी पहिला शब्द पडतो तो 'दर्शन' हा. मात्र त्याचा देवाशी संबंध असतोच असे नाही. 'उज्जैन दर्शन, उज्जैन दर्शन' असा पुकारा करीत ई-रिक्षाचालक त्याला गराडा घालतात. प्रत्येकाजवळ ठिकाणांची यादी तयार असते. तीवर बोट ठेवून दर ठरतो, माणसे गाडीत कोंबली जातात आणि यादी संपली की उज्जैन संपते. पुण्या-मुंबईकडील आपले पाहुणे संध्याकाळी घरी परतल्यावर 'काका, उज्जैन झालं, उद्या ओंकारेश्वर' असे मोठ्या समाधानाने सांगतात. हल्ली तीर्थे पाहण्याऐवजी 'करण्या'ची भाषा रूढ झाली आहे, तिला साजेसेच हे वाहन आहे. आमचे स्पष्ट मत असे की यास दर्शन म्हणू नये, हजेरी म्हणावे. आणि या हजेरीच्या सोयीसाठी गावाचीच ठेवण बदलण्याचे घाटत असेल, तर येथील जुन्या मराठी कुटुंबांनी त्यास उघड विरोध केला पाहिजे.

प्रारंभीच एक खुलासा करणे अगत्याचे आहे. आमचे भांडण यंत्राशी नाही. विजेवर चालणारी तीनचाकी धूर सोडत नाही, हे तिचे पुण्य आम्हांस मान्य आहे. आमच्या तरुणपणी टांगे होते, मागाहून कर्कश आवाजाचे टेम्पो आले, त्यांच्या काळ्या धुराने घाटावरचा माणूस घरी येईतो कोळसेवाला दिसे. त्या मानाने हे वाहन सोवळेच म्हणावयाचे. २०१४ साली केंद्र शासनाने नियम करून त्यास मान्यता दिली, ती देताना मर्यादाही घातल्या : चार प्रवासी, चाळीस किलो सामान आणि ताशी २५ किलोमीटरहून अधिक नाही असा वेग. नियम उत्तम आहे. शासकीय सेवेत हयात घालविलेल्या माणसास नियमाचे कौतुक असतेच. पण त्याची अंमलबजावणी पाहावयाची तर हरसिद्धीच्या उतारावर पाच मिनिटे उभे राहावे. चालकाशेजारी एक, मागे सहा, आणि मांडीवरची मुले कोणीच मोजत नाही.

चालकास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. गाडी कर्जाची किंवा भाड्याची, शिशाच्या बॅटऱ्या रात्रभर भारित कराव्या तेव्हा दिवसाची सोय होते, हप्ता वा भाडे चुकवून उरेल ती त्याची मिळकत. दिवसाकाठी फेऱ्या किती झाल्या यावरच त्याची चूल पेटते. तेव्हा प्रवासी एखाद्या ठिकाणी रमला की त्याचे नुकसान होते. तो घाई करतो ती उद्धटपणाने नव्हे, हिशोबाने. दोष आहे तो ही रचना आखणाऱ्यांचा आणि ती निमूटपणे स्वीकारणाऱ्या आपणा सर्वांचा. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकाच्या पहिल्या टप्प्याचे लोकार्पण झाले. त्यानंतर माणसांचा लोंढा वाढला. वाहने वाढली, तीही कोणी न बोलावता. जेथे थांबू नये तेथे ती थांबतात, जेथे वळू नये तेथे वळतात, आणि मुळात निःशब्द असलेले हे यंत्र गर्दीतून वाट काढण्यासाठी अखंड भोंगा वाजवीत असते.

या घाईत काय निसटते, त्याचे एक उदाहरण पुरे आहे. यादीत वेधशाळा असते. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती बांधली. १९२३ साली माधवराव शिंद्यांच्या कारकीर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे या मराठी ज्योतिर्विदाने तिचे अधीक्षकपद भूषविले. येथे 'दहा मिनिटे' मिळतात. दहा मिनिटांत सम्राट यंत्रापुढे छायाचित्र निघते, यंत्र मात्र समजत नाही. त्याच्या भिंतीची चढण उज्जैनच्या अक्षांशाइतकी, म्हणजे सुमारे २३ अंश ११ कला आहे. भिंतीची सावली दोन्ही बाजूंच्या वर्तुळखंडांवर सरकते आणि तीवरून जी वेळ येते ती उज्जैनची स्वतःची असते, मनगटावरील घड्याळाहून सुमारे २७ मिनिटे मागे. ऋतुमानानुसार तीत आणखी काही मिनिटांचा फरक पडतो. सावली सरकताना प्रत्यक्ष पाहावयाची तर माणसाला एका जागी उभे राहावे लागते. शेजारच्या नाडीवलय यंत्राचे उत्तरेकडील तोंड उजळले आहे की दक्षिणेकडील, यावरून सूर्य कोणत्या गोलार्धात आहे हे शाळकरी पोरालाही कळते, पण ते सांगणारा कोणी सोबत हवा. भारतीय ज्योतिषाने जेथून मध्यरेषा नेली, त्या गावी येऊन माणसाला सूर्याची वेळ पाहण्यास वेळ मिळू नये, हा प्रकार हास्यास्पद म्हणावा की करुण?

बरे, ही तर यादीतील जागा झाली. जे यादीत नाही त्याची वासलात याहून वाईट आहे. चौऱ्याऐंशी महादेवांची बरीच स्थाने अशा गल्लीबोळांत आहेत की तेथे चाक थांबवणे परवडत नाही. बायजाबाई शिंदे यांनी बांधविलेले गोपाळ मंदिर छत्री चौकात उभे आहे. त्याचे शिखर, त्याचे रुपेरी दरवाजे, समोरच्या बाजाराची गजबज हे सगळे धावत्या गाडीतून 'वह देखिए' एवढ्यात आटोपते. गजानन माधव मुक्तिबोध याच गावात वाढले. हिंदीने त्यांना डोक्यावर घेतले, त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी म्हणून मान्यता पावले, पण एकाच घरातून दोन भाषांना कवी देणाऱ्या या कुटुंबाचे नाव कोणत्याही 'दर्शना'त उच्चारले जात नाही. विष्णू श्रीधर वाकणकरांविषयी तर बोलावयासच नको. १९५७ साली रेल्वेच्या खिडकीतून त्यांना भीमबेटकाच्या टेकड्या दिसल्या. इतरांनाही त्या रोज दिसत होत्या. वाकणकर मात्र गाडीतून उतरले आणि रान तुडवीत तेथे पोहोचले. २००३ साली त्या जागेस जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांच्या गावात आपण लोकांना गाडीतून न उतरण्याची सवय लावीत आहोत.

या नगरीस आपले असे दर्शन नव्हते काय? होते आणि आहे. श्रावणातील सोमवारी महाकालाची पालखी निघते. गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी करीत रामघाटावर येते. तेथे क्षिप्रेच्या जलाने पूजन झाल्यावर कार्तिक चौक, खाती मंदिर, सत्यनारायण मंदिर, ढाबा रोड, टंकी चौक, छत्री चौक, गोपाळ मंदिर, पटणी बाजार असा फेर धरून पुन्हा गुदरीवरून मंदिरात परतते. गावाचा राजा गाव पाहावयास निघतो तो खांद्यावरून, माणसाच्या पावलांच्या वेगाने. आणि ही गोष्ट आपल्या मुलांना ठाऊक असावयास हवी की सवारीच्या दिवसांवर आपल्या पंचांगाचा ठसा आहे. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेने श्रावण पौर्णिमेला संपतो. आपल्या अमान्त गणनेने तो त्यापुढील अमावास्येपर्यंत चालतो. उज्जैनात उत्तरेचा श्रावण लागला की सवारी सुरू होते आणि आपला श्रावण सरेपर्यंत निघत राहते. ही शिंदेशाहीपासूनची चाल समजली जाते. ज्या महाकाल मंदिराचे पुनर्निर्माण राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केले, त्या मंदिराच्या उत्सवात मराठी महिना असा मुरून गेला आहे.

वैशाखातील पंचक्रोशीही याच जातीची. पटणी बाजारातील नागचंद्रेश्वराला नारळ वाहून 'बळ' मागावयाचे, ११८ किलोमीटर उन्हातान्हातून चालावयाचे आणि परतल्यावर मातीचे घोडे वाहून ते बळ देवाला परत करावयाचे. खेड्यापाड्यांतील बायाबापड्या डोक्यावर गाठोडे घेऊन हे करतात. त्याच पटणी बाजारातून अर्ध्या किलोमीटरवरील महाकालापर्यंत धडधाकट तरुण मंडळी वाहनावाचून जाऊ शकत नाहीत! कालिदासाने मेघालासुद्धा वाट वाकडी करून उज्जयिनीस येण्याची आणि महाकालापाशी सूर्यास्तापर्यंत थांबण्याची गळ घातली आहे. मेघाला जी सवड होती ती माणसास नसावी!

आता विरोधकांचे म्हणणे. वृद्धांनी, अपंगांनी काय करावे? प्रश्न रास्त आहे आणि आम्ही स्वतः साठी ओलांडलेली असल्याने तो हसण्यावारी नेणार नाही. गुडघे धरलेल्या माणसाला गाडी मिळालीच पाहिजे. परंतु आज प्रत्यक्षात काय होते? धडधाकट माणसांनी भरलेल्या गाड्यांच्या रांगेत त्याच म्हाताऱ्याची गाडी अडकून पडते. शिवाय काळभैरव, मंगळनाथ, सांदीपनी आश्रम, चिंतामण गणपती ही स्थाने दूर आहेत, तेथे वाहन हवेच. आमचा आक्षेप आहे तो महाकाल, रामघाट आणि गोपाळ मंदिर या तिन्हींच्या मधल्या जुन्या वस्तीपुरता.

याबाबत माथेरानचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे माणूस माणसाला हातरिक्षातून ओढीत असे. ते थांबावे म्हणून २०२२च्या डिसेंबरात ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. तेथे या वाहनाला एक नैतिक कारण आहे, ते कोणासाठी आणावयाचे हे ठरलेले आहे. येथे त्याने कोणाची सुटका केली? फार तर आपल्या पायांची.

'सगळ्या जगात असेच चालते' हे दुसरे उत्तर. नाही चालत. इटलीतील फ्लॉरेन्स नगरीचा जुना भाग १९८२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तेथेही प्रवाशांना गोल्फच्या मैदानावरील गाड्यांसारख्या विजेच्या छोट्या गाड्यांत बसवून दगडी गल्ल्यांतून फिरविण्याचा धंदा बोकाळला. २०२४ साली तेथील नगरपालिकेने पर्यटनाला शिस्त लावण्यासाठी दहा कलमी योजना जाहीर केली. तीत वाटाड्यांच्या ध्वनिवर्धकांबरोबरच या गाड्यांवरही निर्बंध आणण्याचे ठरले. पर्यटनावर पोट असलेल्या गावाला हे सुचते, याचा अर्थ ते पर्यटनाच्या विरोधात आहे असा होत नाही.

आणि वेळ आताच का साधावयाची? २०२८चा सिंहस्थ समोर आहे. त्यासाठी रस्ते रुंद होत आहेत. केडी गेट ते इमली तिराहा या पट्ट्यात घरांचे दर्शनी भाग कसे गेले, ते आपण पाहिले आहे. सिंहस्थाच्या गर्दीला मोकळी वाट हवी, तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात, याविषयी दुमत नाही. परंतु मोकळी झालेली वाट दुसऱ्या दिवशी ई-रिक्षांनी भरून जाणार असेल, तर ओटे, कमानी आणि लाकडी सज्जे कोणासाठी पाडले? एक शासकीय अनुभव सांगतो. वाहनांची संख्या गृहीत धरून रस्त्याची रुंदी ठरविली की काही वर्षांनी वाढलेल्या संख्येसाठी पुन्हा तीच नस्ती उघडावी लागते. संख्येला हात लावण्याची सूचना टिपणीत आली तर तिच्यापुढे 'चर्चा करावी' असा शेरा पडतो, आणि ती चर्चा होत नाही.

शेवटी आपल्या घरच्यांविषयी. पाहुणे आले की ओळखीच्या चालकाला दूरध्वनी करावयाचा, 'सगळं दाखवून आण रे' म्हणावयाचे आणि आपण पोह्यांच्या तयारीला लागावयाचे, ही रीत आपल्या घरोघरी पडली आहे. आपल्या आजोबांच्या वाड्यासमोरून पाहुणा जातो आणि वाडा कोणाचा हे त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगणारा घरी बसलेला असतो. मग वाडा विकला जातो, तेथे यात्रीनिवास होतो आणि त्याच्या दारात ई-रिक्षांचा तळ पडतो. या साखळीत आपला वाटा नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

आमची मागणी मोठी नाही. सवारीचा जो मार्ग आहे, तो वर्षभर सकाळपासून रात्रीपर्यंत पादचाऱ्यांचा मानला जावा. तेथे मोजक्याच ई-रिक्षा असाव्यात, त्याही केवळ वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया व रहिवासी यांच्यासाठी, ठरलेल्या दराने. उरलेल्या चालकांना दूरच्या स्थानांचे मार्ग वाटून द्यावेत आणि वेधशाळेसाठी किमान पाऊण तासाचा थांबा त्यांच्या भाड्यात धरावा, म्हणजे थांबल्याने त्यांचे नुकसान होणार नाही. या आशयाच्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे, तो संस्थेच्या वाचनालयात सह्यांसाठी ठेवला आहे. त्याच मेजावर दुसरी एक वहीही आहे. महिन्यातील एका रविवारी सकाळी गुदरीपासून गोपाळ मंदिरापर्यंत पाहुण्यांना पायी हिंडवून आणण्यास जे तयार असतील, त्यांनी तीत आपले नाव व सोयीचा रविवार लिहावा. हे लिहीपर्यंत तीत दोन नावे पडली आहेत, आणि दोन्ही सत्तरीपुढील आहेत.