आकडे वर पाठवतो, पण आपण कधी बघतो?



आज थोडा तांत्रिक विषय घेतोय, पण घाबरू नका. आधी एक साधा प्रश्न. या वर्षात आपण शाळेची माहिती किती वेळा भरून वर पाठवली? यू-डायस प्लस, सरल, पोषण आहार, शिष्यवृत्ती... यादी संपत नाही. आता दुसरा प्रश्न. त्यातली किती माहिती आपण स्वतः, आपल्याच शाळेसाठी, बसून वाचली? बघा, इथं आपण गप्प होतो.

आपण कोल्हापूरकर. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. आता दंड करायचा तर कोण आलं नाही हे आधी कळायला हवं. म्हणजे हजेरीची नोंद ही नुसती कागद रंगवायची गोष्ट नव्हती. न आलेलं मूल शोधण्यासाठी ती होती. माझं म्हणणं एवढंच की ती नोंद पुन्हा त्या कामाला लावूया.

डॅशबोर्ड म्हणजे काय?

गाडीच्या हँडलसमोर काटे असतात ना, वेग आणि पेट्रोल एका नजरेत सांगणारे, तेच. हजेरी, वाचनपातळी, सराव चाचणीचे गुण एका पडद्यावर आलेख होऊन दिसतात. त्यासाठी मेटाबेस, ग्राफाना, अपाचे सुपरसेट अशी मुक्त सॉफ्टवेअरं आहेत. सुपरसेटची सुरुवात २०१५ मध्ये एअरबीएनबी कंपनीत झाली आणि आज ते कुणालाही वापरता येतं. मी मेटाबेस निवडलं, कारण त्यात कोडिंग न येणाऱ्यालाही प्रश्न विचारता येतो.

आणि कंटेनर?

पूर्वी असं सॉफ्टवेअर बसवायचं म्हणजे डोकेदुखी होती. त्याला लागणाऱ्या दहा गोष्टी शोधा, त्यांचे व्हर्जन जुळवा, एक चुकलं की सगळं अडलं. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि हे काम सोपं झालं. मुलाच्या जेवणाच्या डब्यात भाजी-भाकरी, चटणी सगळं एकत्र भरलेलं असतं, तो कुठल्याही वर्गात उघडला तरी जेवण तेच. तसंच कंटेनरमध्ये सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सामान एकत्र बांधलेलं असतं. शाळेतल्या जुन्या संगणकावर लिनक्स आणि डॉकर बसवलं, एक आज्ञा दिली, मेटाबेसचा डबा इंटरनेटवरून उतरला. ब्राउझरमध्ये ३००० क्रमांकाचं पोर्ट उघडलं आणि पान हजर! एका दुपारचं काम.

पण इथंच मी आपटलो. ते सांगायलाच हवं.

दोन महिन्यांनी नवीन व्हर्जन आलं. मी जुना कंटेनर पुसून नवा चालू केला. समोर काय? 'नाव टाका, पासवर्ड ठरवा' हे पहिल्या दिवसाचं पान. तयार केलेले सगळे आलेख गेले. कारण मेटाबेस काही वेगळं सांगितलं नाही तर आपल्या नोंदी कंटेनरच्या आतच ठेवतं. डबा धुतला की आतलं जातं, मग हजेरीबुक डब्यात ठेवायचं का? चूक माझीच. हजेरीचा तक्ता संगणकावर वेगळ्या डेटाबेसमध्ये होता म्हणून तो तेवढा वाचला.

आता दोन कंटेनर आहेत, एक मेटाबेसचा आणि एक पोस्टग्रेस डेटाबेसचा. डेटाबेसच्या नोंदी 'व्हॉल्यूम'मध्ये, म्हणजे डब्याबाहेरच्या कपाटात. हे सगळं एका कंपोज फाईलमध्ये लिहून ठेवलंय. उद्या माझी बदली झाली तर पुढच्या गुरुजींना ती फाईल पुरेल.

एवढा खटाटोप कशाला?

काही जण म्हणतील, गुगल शीट आहे की. आहे. पण त्या शीटची लिंक व्हॉट्सॲपवर कुठून कुठं जाते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. मुलाचं नाव, जात, पालकांचा मोबाईल, सगळं त्यात असतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानलंय आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. कायदा राहू द्या, पालकांनी विश्वासानं दिलेली माहिती आहे ती. म्हणून आमच्या डॅशबोर्डवर नाव नाही, फक्त जनरल रजिस्टरचा नंबर. आणि तो शाळेच्या नेटवर्कबाहेर उघडतच नाही.

दुसरी बाजूही मान्य करतो. आपलं यंत्र म्हणजे जबाबदारीही आपलीच. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या शाळेत तळमजल्यावर ठेवलेला संगणक अशा वेळी काय कामाचा? तेव्हा यंत्र वरच्या मजल्यावर ठेवा, दर शुक्रवारी बॅकअप घ्या आणि त्याची एक प्रत पासवर्ड लावून पुराच्या पट्ट्याबाहेर ठेवा. वर्षातून एकदा तो बॅकअप खरंच उघडतो का, तेही जूनआधी तपासा.

आलेख बघून काय करायचं?

आमच्या आलेखात एक गोष्ट ठळक दिसली. पाणी ओसरून शाळा सुरू झाली, तरी काही नंबर आठवडाभर, दोन आठवडे येत नाहीत. वर्गाची सरासरी चांगली असते, त्यामुळे हजेरीबुकात हे डोळ्यांत भरत नाही. घरी गेलो तेव्हा कळलं. कुणाचं घर चिखलानं भरलेलं, कुणाची दप्तर-पुस्तकं भिजलेली, कुणी मामाच्या गावी. आलेखानं फक्त बोट दाखवलं. कारण दारात गेल्यावरच समजलं.

म्हणून हात जोडून सांगतो, डॅशबोर्डवरून वर्गांची स्पर्धा लावू नका, शिक्षकांचे नंबर काढू नका. तसं केलं की आकडे फुगतात आणि न आलेलं मूल पुन्हा दिसेनासं होतं.

पालकहो, तुम्हीही शाळेत विचारा, आमच्या मुलाची माहिती कुठं ठेवता, कोण बघतं? हा प्रश्न विचारणं म्हणजे शाळेवर संशय नव्हे, तो तुमचा हक्क आहे. आणि शिक्षक मित्रांनो, सुरुवात एका वर्गापासून, एका तक्त्यापासून करा. माहिती वर पाठवायची ती पाठवूच. पण पाठवण्याआधी एकदा आपण बघू, कोण आलं नाही ते.