मांजर बॉनेटवर झोपलं होतं का?

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, कुठेही राहा, रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर सकाळी धूळ बसलेली असतेच. उद्या बादली आणि फडकं घेण्याआधी दोन मिनिटं बॉनेटकडे नीट बघा. पावलांचे ठसे दिसले तर मुलांना हाक मारा.

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘काय दिसलं’, उजवीकडे ‘मला काय वाटतं’.

डावीकडे असं काही येईल: लहान गोल ठसे, प्रत्येकात चार बोटं, नखांच्या खुणा नाहीत. मधोमध भाकरीएवढ्या भागावरची धूळ पुसलेली. उजवीकडे: हे मांजर असावं. कारण कुत्र्याची नखं ठशात बहुधा उमटतात, मांजर मात्र चालताना ती आत ओढून घेतं. इंजिन गरम होतं म्हणून ते तिथे झोपलं असावं.

पण झोपलेलं कुणी पाहिलं? कुणीच नाही. धूळ एखाद्या पिशवीनेही पुसली गेली असेल. तिथे बारीक केस सापडले तर मांजराची बाजू बळकट होईल. डावा रकाना म्हणजे निरीक्षण, उजवा म्हणजे अनुमान. फॉरेन्सिकचा, म्हणजे न्यायसहायक विज्ञानाचा पाया हाच. दुर्बीण, रसायनं, डीएनए हे सगळं नंतर.

मांजराच्या बाबतीत चुकलो तर हसून सोडून देता येतं. माणसाच्या बाबतीत तसं नसतं. मे 2008 मध्ये नोएडाच्या जलवायू विहारमधल्या एका घरात एका शाळकरी मुलीचा खून झाला. घरात काम करणारा आणि तिथेच राहणारा माणूस सकाळी कुठेच दिसेना. ‘तो घरात दिसत नाही’ हे निरीक्षण. ‘तोच खून करून पळाला’ हे अनुमान. पण पहिल्या दिवशी दुसरं वाक्य पहिल्याच्या रकान्यात जाऊन बसलं आणि त्याचा शोध सुरू झाला. गच्चीच्या दाराला कुलूप होतं, ते त्या दिवशी उघडलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडलं, तेव्हा त्याचा मृतदेह गच्चीवर सापडला. ज्याला आदल्या दिवशी खुनी ठरवलं, त्याचाही खूनच झाला होता.

दरम्यान घरात शेजारीपाजारी, नातेवाईक, पत्रकार अशी गर्दी येऊन गेली होती. किती खुणा पुसल्या गेल्या, ते आता कोण सांगणार? पुढे मुलीच्या आईवडिलांना जन्मठेप झाली आणि 12 ऑक्टोबर 2017 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. मला मात्र त्या सगळ्या खटल्यापेक्षा गच्चीचं ते कुलूपच जास्त आठवतं.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत आणि त्याचं चित्रीकरण व्हावं, अशी तरतूद आहे. ती लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे असे तज्ज्ञ पुष्कळ लागणार. तुमच्या घरातल्या कुणाला या विषयाची ओढ असेल, तर दिल्लीत रोहिणीला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे, हे लक्षात ठेवा.

तोवर घरी एक खेळ. संध्याकाळचा चहा झाला की टेबल आवरू नका. मुलांना आधी फक्त डावा रकाना भरायला सांगा. ‘घाईत’, ‘रागाने’, ‘विसरून’ असे शब्द तिथे आले की खोडायचे. आजीआजोबांनाही खेळात घ्या, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. दोन कप आहेत: एकाच्या काठावर साय चिकटलेली, दुसरा कोरडा. दुसऱ्यात चहा ओतलाच नव्हता, की कुणी तो धुऊन परत ठेवला?

रकाना भरून होईपर्यंत कपाला हात लावायचा नाही.